रफूवाल्या आत्याचं रक्त

आत्याच्या हातात कुठलंही कापड दिलं की ती आधी ते उलटं करायची. शर्ट असो, शाल असो, नाहीतर एखाद्या बड्या साहेबांचा लोकरी कोट असो, सुलट बाजूकडे ती ढुंकूनही बघायची नाही. "आत काय उद्योग चाललाय ते आधी कळू दे," म्हणायची आणि भिंग डोळ्याला लावायची.

रफू करणं हा तिचा धंदा. लाँड्रीच्या पुढच्या बाजूला, खिडकीशी लावलेलं एक टेबल, त्यावर मान वाकवता येणारा दिवा, सुयांची डबी आणि ती. सिगारेटीनं जळालेलं भोक असो की कसरीनं कुरतडलेली बाही, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती चार धागे ओढून काढायची आणि आडवे-उभे विणून भोक असं बुजवायची, की गिऱ्हाईक घरी जाऊन बायकोला विचारायचं, भोक नक्की होतं कुठे?

खरं तर ती एकाच मुलीची आत्या, धाकट्या भावाच्या. ही भाची लहान असताना शाळेतून येता येता लाँड्रीच्या दारातून हाका मारायची, त्या हाका गिऱ्हाइकांनी उचलल्या आणि सगळ्या रस्त्याची ती आत्या झाली. लाँड्रीचे मालक तिच्याहून आठ वर्षांनी मोठे, तेही आत्याच म्हणायचे. आत्यानं लग्न केलं नव्हतं. भाऊ, वहिनी आणि भाची यांच्यासोबत दोन जिने चढून जायच्या घरात राहत होती आणि आपल्या प्रश्नांनी तिघांच्या नाकी नऊ आणत होती. मीठ पाण्यात विरघळतं, मग तेलात का नाही? मांजराला गोड कळत नाही हे कळलं कोणाला?

त्रेसष्टाव्या वर्षी तिला पडलेला एक प्रश्न मात्र तिच्या स्वतःच्या अंगातला होता.

सुरुवात चपलेपासून झाली. एके दिवशी ती लाँड्रीत पोचली तेव्हा उजव्या पायात चप्पलच नव्हती. मागे चौकात निसटली होती आणि हिला पत्ताच नव्हता. भाचीला हसू आवरेना. आत्याही हसली, पण मनात पाल चुकचुकली. रस्त्याचे खडे टोचले कसे नाहीत?

मग तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या. कापसावरून चालल्यासारखं वाटायचं. जीभ गुळगुळीत झाली, गरम चहा लागला की चरचरायची. जिना चढताना पहिल्याच वळणावर धाप लागायची. चेहऱ्याचा रंगही उतरला होता, आणि नुसता पांढरा नाही, थोडा पिवळट. आत्यानं हे आरशात बघितलं आणि वयाच्या नावावर टाकून दिलं. पण एका दुपारी शाल दुरुस्त करताना डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला सुई लागली, रक्ताचा थेंब शालीवर पडला, आणि तो दिसल्यावर तिला कळलं की सुई लागली आहे. रफूचं काम डोळ्यांनी होतं असं लोकांना वाटतं. आत्याचं काम त्या बोटानं व्हायचं. धागा वर आहे की खाली, ताण कमी आहे की जास्त, हे बोट सांगायचं, डोळा फक्त मान डोलवायचा.

तिनं घरात कुणाला सांगितलं नाही. धाप मात्र लपेना.

"वन्सं, तुमच्या अंगात रक्तच राहिलेलं नाही," वहिनीनं निकाल दिला. "मी सांगते तुम्हाला काय घ्यायचं ते."

वहिनीनं औषधांच्या दुकानातून लाल टॉनिकची बाटली आणि रक्तवाढीच्या गोळ्या आणल्या. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड. दुकानदारानंच सुचवल्या होत्या. आत्यानं महिनाभर इमानेइतबारे घेतल्या, आणि गंमत म्हणजे गुण आला! जिना एका दमात चढता येऊ लागला. गालांवर रंग आला. वहिनीचा चेहरा असा खुलला, की जणू तिनंच डॉक्टरकीची परीक्षा दिली होती.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंस," आत्या म्हणाली. पण बोट अजून मुकंच होतं. उलट आता शेजारचं बोटही त्याच्या वळणावर चाललं होतं, आणि अंधाऱ्या जिन्यात पाय कुठे पडतोय ते कळेनासं झालं होतं. रक्त वाढलं, धाप गेली, मग हे का वाढतंय? कापडाच्या एका बाजूला सगळं ठीक दिसावं आणि दुसरीकडे धागे सुटत असावेत, असं काहीतरी तिला वाटत राहिलं.

त्याच आठवड्यात समोरच्या इमारतीतल्या वकीलबाई त्यांचा कोट परत घेऊन आल्या. वडिलांचा जुना कोट होता, कोपराला विरलेला. बाईंनी तो टेबलावर पसरला. मग अगदी हळू म्हणाल्या, "आत्या, राग मानू नका. इथे... जरा दिसतंय."

एकतीस वर्षांत तिचं एकही काम परत आलं नव्हतं. आत्यानं कोट घेतला, उलटा केला, भिंग लावलं. दोन धागे ताणलेले, एक सैल, मध्ये सुरकुती. शिकाऊ हाताचं काम वाटावं असं. "ठेवून जा," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी तिनं टेबल लवकर आवरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीला बरोबर घेऊन सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंपुढे ही गर्दी. त्यांनी जीभ बघितली, डोळ्यांच्या खालची पापणी ओढून बघितली आणि चिठ्ठी लिहिली, "आधी रक्त तपासून या."

तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत पन्नाशीचे, पोट सुटलेले, चष्मा कपाळावर सरकवलेले एक गृहस्थ बसले होते. दवाखान्यात सगळे त्यांना लॅबवाले म्हणत. तीस वर्षं लोकांचं रक्त काढून त्यांना एका गोष्टीची सवय झाली होती, की लोक तोंड फिरवतात. ही बाई नळीत चढणाऱ्या रक्ताकडे टक लावून बघत होती.

"भाऊ, एक विचारू? हे तयार कुठे होतं?"

"काय?"

"रक्त. हृदयात नुसतं फिरतं म्हणतात. मग बनतं कुठे?"

लॅबवाल्यांनी सुई काढली, कापूस दाबून धरायला दिला आणि चष्मा खाली घेतला. "हाडांत," ते म्हणाले. "हाडांच्या आत मगज असतो ना, त्यात. तुमच्या वयाला छातीचं हाड, पाठीचा कणा, बरगड्या, कंबरेची हाडं."

"हाडांत?" आत्यानं आपली बरगडी चाचपून पाहिली. "आत्ता, या घटकेला चाललंय?"

"या घटकेला. तुम्ही एवढं विचारलंत तेवढ्या वेळात कोटीभर तांबड्या पेशी बनल्यासुद्धा. सेकंदाला वीस लाखांच्या वर बनतात."

"आणि जुन्यांचं काय होतं?"

"तांबडी पेशी चार महिने जगते. मग प्लीहा तिला मोडीत काढते, आतलं लोह परत हाडांकडे धाडते."

"पण कमी पडलं हे हाडांना कळतं कसं?"

भाचीनं कपाळाला हात लावला. "आत्या, मागे रांग आहे गं."

लॅबवाले मात्र हसत होते. "ते हाडांना नाही कळत. मूत्रपिंडाला कळतं. प्राणवायू कमी पोचला की तिथून निरोप सुटतो, पेशी वाढवा म्हणून. दुपारी दोन वाजता या अहवालाला. तेव्हा रांग नसते."

दोन वाजता आत्या आणि भाची हजर. यंत्रातून निघालेला कागद लॅबवाल्यांच्या हातात होता आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या होत्या. हिमोग्लोबिन दहाच्या थोडं वर, म्हणजे कमी, पण फार घाबरण्यासारखं नाही. खुपत होता तो दुसरा आकडा. तांबड्या पेशी गरजेपेक्षा मोठ्या होत्या. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, फिकट होतात. इथे उलटंच होतं. म्हणून त्यांनी काचेच्या पट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली लावला होता.

"मी बघू?" आत्यानं विचारलं.

रोग्यांना तिथे बसवत नसत. लॅबवाल्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि स्टूल पुढे सरकवलं. भिंगातून बघायची सवय असलेल्या माणसाला दुसरं भिंग परकं वाटत नाही. एक डोळा मिटायचा नाही, श्वास संथ ठेवायचा, हे तिला सांगावं लागलं नाही.

"अगंबाई," ती म्हणाली.

गुलाबी चकत्याच चकत्या. काही गोल, बऱ्याचशा लांबट, अंड्यासारख्या. मध्येच बारीक जांभळी धूळ.

"ती धूळ नाही," लॅबवाले म्हणाले. "त्या बिंबिका. कुठे कापलं की तिथे जाऊन चिकटतात, रक्त थांबवतात. डेंग्यूत ज्या खाली येतात त्या याच. आठ-दहा दिवसांचं आयुष्य. आता मी काच सरकवतो. एक मोठी जांभळी पेशी दिसेल, ती पांढरी. जंतूंशी लढणारी."

"पांढरी म्हणता आणि जांभळी दाखवता?"

"रंग मी दिलाय तो. तिच्या पोटातलं केंद्रक बघा. कसं आहे?"

"तुकड्या-तुकड्यांचं आहे. तुकडे बारीक धाग्यांनी जोडलेत." आत्या पुटपुटत मोजू लागली. धागे मोजण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. "एक, दोन, तीन... सहा."

"पुन्हा मोजा."

"सहाच आहेत. तो शेवटचा दुसऱ्याखाली दडलाय."

लॅबवाल्यांनी तिला बाजूला करून स्वतः बघितलं. त्यांनी सकाळपासून पाचपाच तुकड्यांच्या बऱ्याच पेशी टिपल्या होत्या, ही सहाची नजरेतून सुटली होती. "निरोगी माणसाच्या पेशीत तीन किंवा चार असतात," ते म्हणाले. "आत्या, तुमच्या हातापायांना मुंग्या येतात का?"

आत्यानं मान वर केली. चप्पल, सुई, वकीलबाईंचा कोट, यातलं काहीही तिनं या माणसाला सांगितलं नव्हतं. तिनं ते आता सांगितलं, तेव्हा भाचीलाही चपलेखेरीज बाकी सगळं तिथेच पहिल्यांदा कळलं. काचेवरच्या थेंबात आपली बोटं दिसतात कशी, हे त्या क्षणी आत्याला आजारापेक्षा मोठं नवल वाटलं.

लॅबवाले काच आणि कागद घेऊन स्वतः वर गेले. डॉक्टरीणबाईंनी आत्याला पुन्हा आत बोलावलं आणि या वेळी घेतलेल्या औषधांची चौकशी करून सावकाश तपासलं. दोन दांड्यांचा लोखंडी चिमटा, म्हणजे स्वरकाटा, टेबलावर आपटून तो गुणगुणत असतानाच पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर जाणवते?"

"ऐकू येतेय. जाणवत नाही."

"डोळे मिटून उभ्या राहा."

डोळे मिटताच आत्या झाडासारखी डोलली. बाईंनी तिला दंडाला धरून बसवलं.

"तुम्हाला बी-बारा जीवनसत्त्व मिळत नाहीये. नक्की करायला रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवते, पण उपचार आजच सुरू करू."

"पण बाई, मी अंडी खाते. दूध पिते. मग मिळत नाही कसं?"

"खाता, पण पोचत नाही. ते शोषून घ्यायला जठरात एक मदतनीस तयार व्हावा लागतो. तुमच्या जठरानं तो बनवणं बहुधा बंद केलंय. म्हणून गोळ्या नकोत, इंजेक्शनं घेऊ."

"आणि पेशी मोठ्या का झाल्या?"

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग आत्याकडे. "पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी आतल्या सगळ्या सूचनांची नक्कल व्हावी लागते. त्या नकलेला बी-बारा लागतं. ते नसलं की पेशी फुगत जाते, पण तिच्या दोन होत नाहीत. बऱ्याच तर हाडातच मोडतात, त्यानं अंगावर पिवळट झाक येते. हेच बी-बारा नसांनाही लागतं. तुमच्या गोळ्यांमधल्या फॉलिक अ‍ॅसिडनं रक्ताची ती नक्कल कशीबशी चालू केली, म्हणून धाप गेली. नसांना त्याचा उपयोग नसतो. त्या बिघडतच राहिल्या. रक्त बरं दिसतंय म्हणून आणखी सहा महिने घरी बसला असतात, तर चालणंही मुश्कील झालं असतं."

भाचीचे डोळे भरून आले. आत्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बोट परत येईल?"

"येईल असं सांगत नाही," बाई म्हणाल्या. "प्रयत्न करू."

पहिली इंजेक्शनं एक दिवसाआड होती. सातव्या दिवशी लॅबवाल्यांनी तिला खास बोलावून घेतलं. आज रंग वेगळा होता. फिकट हिरवट चकत्यांमध्ये मधूनमधून काही चकत्यांच्या पोटात गडद निळ्या रेघांचा गुंता दिसत होता.

"ही काय जाळी?"

"नवजात पेशी," लॅबवाले म्हणाले. त्यांचा स्वर आज खणखणीत होता. "हाडातून नुकत्याच बाहेर पडलेल्या. बाहेर येण्याआधी तांबडी पेशी आपलं केंद्रक टाकून देते, पण पेशी घडवायच्या सामानाचं थोडं उरलंसुरलं आत राहतं. ते या रंगात जाळीसारखं दिसतं. एक-दोन दिवसांत पुसलं जातं. आठवड्यापूर्वी तुमच्या रक्तात अशी शंभरात एक होती. आज मोजा."

आत्यानं मोजलं. मोजताना ओठ हलत होते. शंभराला नऊ भरल्या. लॅबवाल्यांच्या मोजणीत आठ आल्या होत्या. दोघांचं यावर थोडं वाजलं, मग त्यांनी दुसऱ्या जागी मोजलं आणि साडेआठवर तडजोड झाली. आपल्या बरगड्यांच्या आत काही दिवसांपासून कामाला जोर आला आहे आणि त्याचा पुरावा डोळ्यांसमोर आहे, याचं तिला इतकं अप्रूप वाटलं, की घरी जाऊन तिनं भावाला, वहिनीला आणि जिन्यात भेटलेल्या दूधवाल्यालाही ते समजावून सांगितलं. दूधवाल्याची बिचाऱ्याची सुटका चौथ्या प्रश्नाला झाली.

वहिनी मात्र उठून ओट्याशी गेली. रात्रीची भांडी आवरताना म्हणाली, "वन्सं, चूक माझी झाली. मी गोळ्या आणल्या नसत्या तर..."

"तर मी धापा टाकत बसले असते. तू भल्यासाठीच केलंस." आत्यानं तिच्या हातातलं पातेलं घेतलं. दिव्याखाली वहिनीची नखं दिसत होती. फिकट, पातळ, चमच्यासारखी खोलगट. "आणि तू स्वतः कधी तपासलंस?"

"मला काय धाड भरलीय?"

दोन दिवस भंडावून सोडल्यावर वहिनी तयार झाली. तिच्या काचेवर आत्याला अगदी दुसरंच चित्र दिसलं. बारक्या, फिकट चकत्या, मधला भाग इतका पोकळ की नुसत्या कडा उरलेल्या. लोह कमी. का कमी, हे डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं तेव्हा कुठे वहिनीनं सांगितलं, की तीन वर्षं पाळीत फार अंगावर जातं आणि ती कुणाजवळ बोलली नाही. गर्भाशयात गाठ निघाली, साधी, पण दर महिन्याला भरपूर रक्त खाणारी. तिच्यावर वेळेत उपचार झाले. गंमत अशी, की आत्याला जी बाटली लागू नव्हती ती उरलेली बाटली वहिनीला मात्र चालली, डॉक्टरीणबाईंनी तशी चिठ्ठीच दिली.

आत्या, वहिनी आणि भाची एकत्र बसल्या की आता घरात रक्ताशिवाय विषय नसे. लॅबवाल्यांनी शिकवायला ठेवलेल्या जुन्या काचा आत्याला एकेक करून दाखवल्या. विळ्याच्या आकाराच्या पेशी, ज्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थॅलेसेमियाच्या, आईबाप दोघांकडून वारसा आला की मुलाला जन्मभर दुसऱ्याच्या रक्तावर जगवणाऱ्या. आणि एक काच, जिच्यावर नुसत्या मोठ्या, अपक्व पांढऱ्या पेशींची झुंबड होती. तिच्यापुढे आत्यानं प्रश्न विचारला नाही. "हा माणूस?" एवढंच म्हणाली. "बरा झाला," लॅबवाले म्हणाले. "बहिणीनं मगज दिला. आता तिच्या पेशी त्याच्या हाडांत रक्त बनवतात." ऐकून आत्या दिवसभर स्वतःशीच मान हलवत होती.

पाय चार महिन्यांत बरेच सुधारले. चप्पल पुन्हा निसटली नाही. शेजारचं बोटही थोडंफार परत आलं. डाव्या हाताचं पहिलं बोट मात्र आलं नाही. वर्षभर वाट पाहिली, डॉक्टरीणबाईंनीही हात टेकले. एका दुपारी आत्या खूप रडली, लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत, कुणाला दिसणार नाही अशी. मालकांना दिसलं, पण ते बाहेर जाऊन उगाच शटर पुसत बसले.

मग तिनं करंगळी शिकवायला घेतली. हसण्यासारखंच होतं ते. करंगळीला ना ताकद, ना वळण. जुन्या चिंध्यांवर ती रोज तासभर बसायची, धागा वर की खाली, डोळे मिटून ओळखायची आणि चुकली की स्वतःलाच शिव्या घालायची. सातआठ महिने गेले. कामाचा वेग निम्म्यावर आला, तो आलाच. वकीलबाईंच्या कोटाचं कोपर तिनं उसवून पुन्हा भरलं. बाईंनी कोट खिडकीच्या उजेडात धरला, फिरवला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "आत्या, सांगाच आता, कुठे होतं?" आत्यानं सांगितलं नाही.

आता ती सत्तरीला आली आहे. महिन्यातून एकदा दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेते. हा आजार घराण्यात असू शकतो असं कळल्यापासून तिनं भावाचा पिच्छा पुरवला होता. तो सुईला भितो. पाच वर्षं आज नाही उद्या करत राहिला. शेवटी भाचीच्या बाळाच्या बारशाआधी दोघींनी त्याला दोन्ही दंडांना धरून लॅबवाल्यांसमोर बसवलं.

"डोळे मीट हवं तर," आत्या म्हणाली.

"ताई, मला चक्कर येतेय."

"अजून सुई काढलीसुद्धा नाही."

दोन वाजता अहवाल आला. सगळं ठणठणीत. भाऊ लगेच ताठ झाला, छाती पुढे काढून म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? उगाच भीती घालता तुम्ही बायका!"

आत्यानं ते ऐकलंच नाही. ती स्टूल ओढून सूक्ष्मदर्शकाशी बसली होती आणि एक हात मागे करून लॅबवाल्यांना बोलावत होती. "भाऊ, इकडे या जरा. याच्या पांढऱ्या पेशीत हे लाल दाणे कसले हो?"

"ते? काही विशेष नाही. अ‍ॅलर्जी असली की अशा पेशी वाढतात."

"कसली अ‍ॅलर्जी?" आत्यानं भावाकडे वळून विचारलं. आणि भावानं, ज्याला घरी जाऊन निवांत पडायचं होतं, खुर्ची ओढून पुन्हा बसकण मारली.